रजा नेमकी कुणाची?

माणसाच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा क्षण कोणता, असं विचारलं तर कुणी लग्नाचा सांगेल, कुणी पहिल्या पगाराचा. माझ्या मते, रजेच्या अर्जावर साहेबाची सही पडते, तो. प्रत्यक्ष रजेत तेवढं सुख नसतं. रजेत गाडी चुकते, मुलांची पोटं बिघडतात, बरोबर घेतलेली छत्री उगाच ओझं होते आणि घरी राहिलेली छत्री पाहून पाऊस पडतो. सही झालेल्या अर्जात यातलं काहीच नसतं. तिथे असतात फक्त ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन शब्द, आणि त्यांच्या मधली जागा आपली असते.

निदान आपला तसा समज असतो. तो किती टिकतो, हे साहेबाच्या फोनवर अवलंबून. रजेच्या तिसऱ्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळी फोन वाजतो आणि पलीकडून साहेब विचारतात, "काय रे, कसं काय? मजा चाललीय ना?" वर्षभर ज्या माणसानं आपल्या मजेची कधी चौकशी केलेली नसते, त्यानं ती केली, की समजावं, मजा संपली.

तेव्हा ही रजा नावाची वस्तू नेमकी कुणाची, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळतो आहे. त्यावर नीट विचार करायला वेळ मिळावा म्हणून मी एकदा रजासुद्धा काढली होती. त्या रजेत घराला रंग देऊन झाला. विचार राहून गेला. तो आता करतो.

पहिली अडचण शब्दापासूनच आहे. ‘रजा’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ संमती, परवानगी. ‘सुट्टी’ त्यापेक्षा मोकळी. ती ‘सुटणे’ या क्रियापदाच्या माहेरची. सुट्टी म्हटलं की दोर तुटला. रजा म्हटलं की दोर लांब सोडला, दुसरं टोक साहेबाच्या हातात. त्यात कारखान्यांनी आणखी एक गंमत करून ठेवली आहे. वर्षाकाठी साठणाऱ्या रजेला तिथे ‘पीएल’ म्हणतात. पीएल म्हणजे प्रिव्हिलेज लीव्ह, आणि प्रिव्हिलेज म्हणजे खास मेहेरबानी. याच रजेला मराठीत आपण म्हणतो ‘हक्काची रजा’. म्हणजे एकाच कागदावर साहेब इंग्रजीत मेहेरबानी वाचतो आणि कामगार मराठीत हक्क वाचतो. दोघेही खाली सही करतात. फोन वाजला की मग कळतं, कागद कुणाच्या भाषेत होता.

हे सगळं मी पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत राहून लिहितो आहे, हे सांगायला हवं. कारण सुट्टीच्या बाबतीत आमचा गाव जरा जगावेगळा. कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचलं, ते नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचं मूळ घराणं आमच्याच पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. वर्षानुवर्षं अर्ज केले, सभा घेतल्या, हजारो गिरणी कामगार मैदानात जमवले, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा देवालाही बरं वाटलं असेल. पण आमच्या भोसरी-पिंपरीत कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. कारण धार्मिक नाही, विजेचं आहे. सगळीकडचा भार एकाच दिवशी उतरू नये आणि बाकीच्या दिवशी एकदम चढू नये, म्हणून वीज देणाऱ्यांनी भागाभागाला वार वाटून दिले. आमच्या वाट्याला दत्ताचा वार आला. परिणाम असा की, बँकेत काम करणाऱ्या बायकोची आणि भोसरीत काम करणाऱ्या नवऱ्याची सुट्टीच्या दिवशी गाठ पडत नाही. मुलांची शाळा रविवारी बंद, बापाचा कारखाना गुरुवारी. अख्खं कुटुंब एकत्र जेवायला बसायचं तर कुणाला तरी रजा काढावी लागते. मुंबईच्या माणसाला रजा प्रवासासाठी लागते. आमच्याकडे ती घरी राहण्यासाठी लागते.

आता एक खरी घडलेली हकिकत सांगतो. आमचे मेव्हणे भोसरीच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात फोरमन आहेत. हा कारखाना चाकणच्या एका मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवतो. त्यांच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं माहेर राजापूरकडचं. सासूबाईंचं वय ८१, त्यांच्या भावाचं ८५. "एकदा सगळे मिळून या," असा मामांचा निरोप दोन वर्षं येत होता. अखेर मे महिन्यात योग आला. मेव्हण्यांची रजा, माझी रजा, दोघांच्या बायकांच्या रजा आणि मुलांच्या परीक्षा हे पाच ग्रह एका राशीत आणायला तीन महिने लागले. मेव्हण्यांनी अर्ज महिनाभर आधी दिला होता. त्यावर सही होती, शिक्का होता, आणि साहेबांनी तोंडानं "आंबे आण रे" असंही म्हटलं होतं.

मामांना भाच्याशी एक काम होतं. त्यांना मूलबाळ नाही. कलमांची लहानशी बाग आहे, आणि तिच्या हद्दीचा प्रकार कोकणात असतो तसा आहे: सातबाऱ्यावर एक आणि जमिनीवर दुसरं. खरे हद्दीचे दगड कोणते, हे फक्त मामांना ठाऊक. "उद्या सकाळी उन्हं चढायच्या आत फिरून येऊ," असं ठरलं. त्याच दुपारी, फणसाची भाजी पानात पडत असताना, साहेबांनी मजेची चौकशी केली.

परवा चाकणहून तपासणीला माणसं येणार होती. "दोनच तासांचं काम आहे रे," साहेब म्हणाले. "तू ये, मग लगेच परत जा." राजापूर ते भोसरी हे अंतर तीनशे किलोमीटरहून जास्त आहे, साहेबांच्या दृष्टीनं ते फोनएवढंच होतं. मेव्हणे "हो साहेब" म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाले, "भावोजी, काय करणार? विचारलं हो त्यांनी, हुकूम नाही केला."

मेव्हणे रात्रीच्या गाडीनं गेले. तपासणीला आलेल्या माणसांनी दोन कागद मागितले. दोन्ही कागद फायलीत होते, फाईल कपाटात होती आणि कपाटावर ठळक अक्षरात चिठ्ठी होती. सगळं पाऊण तासात आटोपलं. साहेबांनी चहा मागवला आणि म्हणाले, "आलास ते बरं झालं. तू असलास की धीर येतो." मेव्हण्यांच्या नावावर दोन दिवसांची बदली रजा जमा झाली. हिशेब चोख. फक्त मामा मार्गशीर्षात गेले, आणि ती बदली रजा मेव्हण्यांनी त्यांच्या दिवसकार्याला वापरली. हद्दीचे दगड कोणते, हे आता कुणालाच माहीत नाही.

यात साहेब दुष्ट आहेत असं मी म्हणणार नाही. हा माणूस अडीअडचणीला उसने पैसे देतो, कामगारांच्या मुलामुलींच्या लग्नांना जातो आणि तिथे पंगतीत बसतो. त्यांच्याही बाजूनं पाहिलं पाहिजे. चाकणचे कारखाने हल्ली माल साठवून ठेवत नाहीत. लागेल तेवढा, लागेल त्या तासाला मागवतात. तळेगाव चौकात ट्रक अडकला की इकडे भोसरीत लोकांचा रक्तदाब वाढतो. ‘लाइन थांबली’ हे दोन शब्द आमच्या पट्ट्यात असे उच्चारतात, जसे पूर्वी खेड्यात ‘वाघ आला’ म्हणत. मोठा कारखाना लहानाला फोन करतो, लहान त्याहून लहानाला करतो, आणि साखळीच्या अगदी शेवटी कुणीतरी फणसाची भाजी पुढ्यात घेऊन बसलेला असतो. फोन पुढे कुणाला करायचा, हे ज्याच्याजवळ उरत नाही, त्याचीच रजा जाते.

आणि दुसरीही एक बाब खरी. काही बोलावणी अशी असतात की ती आली तर माणसानं ताटावरून उठावं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी रजेवरच्या वायरमनला, नर्सला, पाणीपुरवठ्यातल्या माणसाला बोलावणं गेलं, तर "माझी हक्काची रजा आहे" असं म्हणणारा माणूस कायद्यानं बरोबर असेल, पण शेजारी म्हणून नको वाटेल. तेव्हा रजा ही सोन्याची वीट नव्हे की ती कधी फोडूच नये. प्रश्न आहे तो संकट कुठलं आणि गैरसोय कुठली, हे ओळखण्याचा. माझी खूण साधी आहे. संकट वर्षातून एखादं येतं. दर महिन्याच्या अखेरीस जे न चुकता येतं ते संकट नव्हे; ते कॅलेंडर.

कायद्यानं याबाबतीत काय केलं आहे, तेही पाहिलं. १९४८ च्या कारखाना कायद्यात हिशेब असा होता की, वर्षात २४० दिवस काम केलं, तर दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, आणि तिचा अर्ज निदान १५ दिवस आधी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत २४० ची अट १८० वर आली. म्हणजे रजा ही आधी घाम गाळून, मग मिळणारी वस्तू आहे. आगाऊ उचल नव्हे, थकबाकी. गंमत एवढीच की कामगारानं १५ दिवस आधी सांगायचं आणि साहेबानं १५ मिनिटं आधी.

सरकारी नोकरांचं शास्त्र निराळं. केंद्र सरकारचे १९७२ चे रजा नियम स्वच्छ सांगतात की, रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. पण तेच नियम पुढे असंही सांगतात की, रजेवरच्या माणसाला मुदतीआधी परत बोलावलं, तर तो निघाल्या दिवसापासून कामावर धरला जाईल आणि त्याला प्रवासभत्ता मिळेल. म्हणजे सरकार हक्क देत नाही, भाडं देतं. आमच्याकडे हक्क आहे, भाडं नाही. मेव्हण्यांनी रात्रीच्या गाडीचं तिकीट आजतागायत जपून ठेवलं आहे; मागायचा धीर होत नाही.

परदेशातली गोष्ट आणखी मजेची. फोक्सवॅगननं २०११ मध्ये जर्मनीत कामगार प्रतिनिधींशी करार केला, की ठरावीक कर्मचाऱ्यांच्या कचेरीच्या फोनवर पाळी संपल्यानंतर अर्ध्या तासानं ई-मेल जाणंच बंद करायचं. मर्सिडीजवाल्या डाइमलर कंपनीनं २०१४ मध्ये अशी सोय केली, की रजेवरच्या माणसाला ई-मेल पाठवलं तर ते आपोआप पुसलं जातं, आणि पाठवणाऱ्याला निरोप मिळतो की अमुक रजेवर आहेत, तमुकांना विचारा. त्याआधीच, २००० साली, तिथल्या सर्वोच्च श्रम न्यायालयानं म्हटलं होतं की, कायद्यानं दिलेल्या किमान रजेतून परत बोलावता येणार नाही; कामगारानं आधी तसं कबूल केलं असलं, तरीही नाही. या दोन्ही नावांच्या पाट्या आपण चाकणच्या रस्त्यानं जाता-येता वाचतो. म्हणजे हा विचार आपल्याला अगदीच परका नाही. त्याच्या सासरचा पत्ता आपल्याला ठाऊक आहे. फ्रान्सनं २०१७ मध्ये आणि ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याला कायद्याचा आधार दिला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी असंच खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांचं नशीब रजेच्या अर्जासारखंच असतं: घेतलं जातं, पुढे सरकत नाही.

पण कायदा झाला तरी मेव्हण्यांसारखी माणसं फोन उचलणारच, अशी माझी खात्री आहे. कारण त्या फोनमध्ये एक गोड विषही असतं. "तुझ्याशिवाय अडलंय," हे वाक्य ऐकायला कुणाला आवडत नाही? पंचवीस वर्षं घरात ज्याला कुणी "तुमच्याशिवाय अडलंय" म्हटलेलं नाही, त्याला ते चारचौघांत, फोनवर, प्रत्यक्ष साहेबानं म्हटलं, की माणूस ताटावरून उठताना जरा ताठ उठतो. खरं म्हणजे एक माणूस कोकणात गेल्यानं जो कारखाना अडतो, त्यानं त्या माणसाचा गौरव होत नाही. कारखान्याची अब्रू जाते. तरी आपल्याला तो गौरवच वाटतो. जुन्या काळी तार यायची. तिच्यात शब्दाला पैसे पडत, म्हणून असल्या गोड शब्दांना जागा नसे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली आणि बोलावणं स्वस्त झालं, स्तुतीसकट.

याच चाकणला १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवला, तेव्हा किल्ला पडला. आम्हाला चार दिवसांची रजा लढवता येत नाही. आमचा बुरूज नुसत्या "काय रे, कसं काय?"नं उडतो.

तर आता मूळ प्रश्न. रजा कुणाची? इतके दिवस मी समजत होतो की वाद दोघांतच आहे. एकतर ती साहेबाची मेहेरबानी, नाहीतर कामगाराचा हक्क. राजापूरच्या त्या दुपारनंतर मला वाटतं की दोघेही चुकतात. माझ्या रजेच्या अर्जावर सही माझी असते, पण त्या चार दिवसांवर मालकी माझी एकट्याची नसते. त्यात बायकोचा एक हिस्सा असतो, मुलांचा असतो, दोन वर्षं वाट पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचा असतो. सातबाऱ्यावर नाव माझं आणि जमिनीवर हद्दी त्यांच्या. म्हणून "हो साहेब, येतो" असं आपण म्हणतो तेव्हा आपण आपलं काही देत नसतो. दुसऱ्यांचं देऊन उदार होत असतो. बदली रजेचा हिशेब इथेच चुकतो. तिनं दिवस परत मिळतो, माणसं परत मिळत नाहीत. दिवस सगळे चोवीस तासांचे असतात, पण मे महिन्यातला राजापूरचा दिवस आणि मार्गशीर्षातला राजापूरचा दिवस हे एकाच किमतीचे नसतात.

यावर मला एकच उपाय सुचतो, आणि त्याला कायदा लागत नाही. रजेवरच्या माणसाला बोलावायचंच असेल, तर साहेबानं फोन त्याला करू नये. त्याच्याबरोबर जी माणसं बसली आहेत, त्यांतल्या सर्वांत वडील माणसाला करावा. "मी अमुक कारखान्यातून बोलतोय. तुमचा मुलगा, तुमचा भाचा, मला दोन दिवस हवा आहे. कारण असं असं आहे. न्यायचा का?" रजा म्हणजे संमती, हा शब्दाचा जुना अर्थच आहे, ती मागायची तर ज्याची आहे त्याच्याकडे मागावी. खरंच चिपळूण बुडालं असेल, तर म्हातारी माणसं स्वतः भाच्याच्या हातात पिशवी देतील आणि दहीभात बांधून देतील. आणि नुसता धीर हवा असेल, तर तेवढं वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत साहेबालाच संकोच वाटेल, कपाटावरची चिठ्ठी दिसेल आणि फोन ठेवला जाईल.

एरवी आपल्या पट्ट्यात रजेची अदब नाही असं नाही. खंडेनवमीला कारखान्यात जाऊन पाहा. यंत्रं धुऊन पुसून, झेंडूचे हार घालून, हळदकुंकू लावून उभी असतात. त्या दिवशी साहेबसुद्धा चपला काढून त्यांच्यापुढे हात जोडतात. चाकणचा ट्रक फाटकाशी उभा असला तरी "दोनच नग काढून दे रे," असं कुणी लेथला म्हणत नाही. त्याच्या रजेवर कुणाची सही नसते, आणि ती मोडतही नाही. मी मेव्हण्यांना सुचवलं आहे, पुढच्या वेळी अर्जाबरोबर झेंडूचा एक हारही जोडून पाहा.